इटालियन गाडी आणि तिचा खरा खर्च

जुन्या इटालियन गाडीने मला भिकेला लावले, असे माझे मेहुणे मिरजगावात सांगत असतात. लग्नाच्या पंगतीत सांगतात, बाजारच्या दिवशी सांगतात, आणि ऐकणारा नवा असला की गोष्टीत आणखी एक एकर विकून टाकतात. हे गृहस्थ माझ्या पत्नीचे धाकटे बंधू. मनाने दिलदार, संकटात धावून येणारे. परंतु सत्याशी त्यांचे संबंध पाहुण्यासारखे आहेत, वर्षातून एकदोनदा येणेजाणे होते तेवढेच. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी गाडीपायी रान विकले, ती बंद पडली तेव्हा ट्रॅक्टरला बांधून राहुरीला ओढत नेली, आणि अखेरीस पुण्याच्या मुलाने इटलीहून गुपचूप सामान मागवून माझी अब्रू राखली. यातला एकही शब्द खरा नाही. रान आहे तेवढेच आहे, मुलगा आहे, गाडी दारात आहे, आणि मी अजून लिहू शकतो. म्हणून काय घडले ते एकदा नीट सांगून टाकतो.

मी साखर कारखान्यात छत्तीस वर्षे काढली. फिटर म्हणून लागलो आणि मिल हाऊसचा फोरमन म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर मुलाने एक लहान, काटकसरी गाडी घ्यावी असा आग्रह धरला आणि मला पुण्याला जुन्या गाड्यांच्या एका आवारात घेऊन गेला. तिथे पांढऱ्या गाड्यांच्या रांगा होत्या. सगळ्यांचे चेहरे सारखे, एकाच शाळेच्या गणवेशातल्यासारखे. आणि मागच्या भिंतीशी, अर्धवट ताडपत्रीखाली, ती गडद निळी दोन दरवाजांची गाडी उभी होती. बारा वर्षांची, तीन मालकांची. आवारातल्या माणसाने कंटाळलेल्या हाताने किल्ली फिरवली. मी आयुष्यभर टर्बाइनच्या शेजारी उभा राहिलेला माणूस आहे; यंत्र निरोगी आहे की आजारी, ते मला कानाने कळते. त्या इंजिनाचा आवाज ऐकून मी मुलाला एवढेच म्हणालो की लहान गाडी राहू दे.

किमतीचा विषय निघालाच आहे, तर तोही स्पष्ट करतो. आमच्याकडच्या ठेकेदारांच्या दारात ज्या उंच पांढऱ्या गाड्या उभ्या असतात, त्यांच्या निम्म्या पैशांत मला ही मिळाली. लोक म्हणतात, एवढी स्वस्त म्हणजे नक्कीच खोट असणार. खोट गाडीत नव्हती, हिशेबात होती. अशा गाडीची किंमत पहिल्या दहा वर्षांत कड्यावरून दगड सुटावा तशी कोसळते; तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र जागची हलत नाही. म्हणजे तिसरा-चौथा मालक गाडी जुन्या भावाने घेतो आणि तिचे दुखणे नव्या भावाने काढतो. श्रीमंत माणसाला हे परवडते, पण त्याला जुनी गाडी नको असते. साध्या माणसाला जुनी गाडी हवी असते, पण त्याला दुखणे परवडत नाही. या दोघांच्या मधल्या फटीत ती निळी गाडी दोन वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. मी त्या फटीत शिरलो, कारण माझ्या हातांवर माझा विश्वास होता.

हा विश्वास पत्नीला पटवणे सोपे नव्हते. ती शांतपणे ऐकून घेणारी आणि त्याहून शांतपणे निकाल देणारी बाई आहे. गाडी सोनईला आमच्या दारात आली, तेव्हा तिने तिच्याभोवती एक फेरी मारली, आत वाकून पाहिले, मागच्या सीटवर कोण बसणार असे विचारले, आणि मग अट घातली. फंडाच्या पैशांतला अर्धा भाग बँकेत मुदत ठेवीत होता. ती ठेव आम्हा दोघांच्या दुखण्याखुपण्याची. ज्या दिवशी गाडीपायी ती मोडायची वेळ येईल, त्या दिवशी गाडी विकायची. मी शब्द दिला. माझा शब्द कारखान्यात चालत होता, घरातही चालतो.

पहिली दीड वर्षे त्या अटीची आठवण काढण्याचे कारण पडले नाही. गाडी गावात लिटरला चार आणि हमरस्त्यावर आठ किलोमीटर देई. मी ते कधी लपवले नाही; उलट पेट्रोल पंपावर कोणी विचारले तर मोठ्याने सांगत असे. मागचे दोन टायर घेतले तेव्हा ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांएवढे पैसे गेले. मेहुणे म्हणाले की ट्रॅक्टर निदान नांगरतो. इंजिनात नऊ लिटर ऑइल बसते, हे ऐकून ते म्हणाले, "दाजी, एवढ्या तेलात आमच्याकडं अख्ख्या गावजेवणाची भजी तळून निघतील." हा सगळा खर्च मी पंपदुरुस्तीच्या कामांतून भागवत होतो. पंचक्रोशीत पाण्याच्या मोटारी कमी नाहीत आणि त्या बिघडण्यात कसूर करीत नाहीत.

गतिरोधकांबद्दलही एक अपप्रचार आहे, तो इथेच मोडून काढतो. माझी पत्नी गाडीला भिते आणि म्हणून प्रत्येक गतिरोधकाआधी उतरते, असे म्हणतात. ती भीत नाही. गाडीचे पोट जमिनीपासून चार बोटे वर आहे आणि आमच्याकडचे गतिरोधक बांधणाऱ्याच्या मर्जीएवढे उंच असतात. एक माणूस उतरला की गाडी बोटभर वर येते, मग ती तिरकी घालून अलगद पलीकडे नेता येते. ही युक्ती पत्नीनेच शोधली. ती उतरे, गाडीच्या बाजूने चार पावले चाले, वाकून खालचे अंतर पाही, हाताने खूण करी आणि पुन्हा येऊन बसे. शाळेसमोर एकापाठोपाठ तीन गतिरोधक आहेत. तिथे ती उतरून सरळ पुढच्या वडापर्यंत चालत जाई. मुले टाळ्या वाजवीत. तीही हसे.

मग क्लच गेला. या गाडीला क्लचचे पेडल नसते; आतला पंप आणि संगणक मिळून क्लच दाबतात. एका सकाळी घोडेगावच्या चढावर इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तिथेच रेंगाळली. मी तिला हळूहळू, पहिल्या गिअरात, स्वतःच्या चाकांवर घरी आणली. ट्रॅक्टरचा इथे काहीही संबंध नाही. पुण्याच्या एका वर्कशॉपला फोन केला. तिथल्या तरुणाने अतिशय अदबीने साडेचार लाखांचा अंदाज सांगितला आणि सामान यायला दोन महिने लागतील असेही सांगितले. पत्नी समोरच मेथी निवडत बसली होती. तिने वर पाहिले नाही, पण तिचे हात थांबले. एवढी रक्कम म्हणजे मुदत ठेव मोडणे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

ही बातमी मिरजगावला कशी पोहोचली ते मला माहीत नाही. दोन दिवसांत मेहुण्यांचा फोन आला की त्यांनी गिऱ्हाईक पाहिले आहे. नगरचे एक शेठ, लग्नांना सजवलेल्या गाड्या भाड्याने देणारे. मी घेतली त्याच्या एकतृतीयांश किंमत देणार. ती चालली नाही तरी त्यांचे अडत नव्हते; मांडवापुढे शंभर पावले ढकलत नेली की झाले. मी नकार देऊन फोन ठेवणार होतो. परंतु शब्द दिलेला होता. पत्नी म्हणाली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना बोलवावे. तोवर ठेवीला हात न लावता गाडी चालली तर राहील, नाहीतर जाईल. मला अठरा दिवस मिळाले.

आता कारखान्याची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळे तिच्यावरच उभे आहे. गाळप संपले की पावसाळाभर आम्ही प्रत्येक यंत्र उघडतो. झिजलेला भाग दिसला म्हणून लगेच नवा मागवायचा, ही गॅरेजवाल्यांची विद्या. आमच्यात क्रम असतो: आधी मोजायचे, मग झीज भरायची, मग घासून मापात आणायचे, आणि हे तिन्ही जमले नाही तरच बदलायचे. याच क्रमाने आम्ही चाळीस वर्षांच्या मिली चालवल्या. इटलीच्या माणसाने बनवला म्हणून लोखंडाचा धर्म बदलत नाही.

राहुरीला माझा एक मित्र आहे. कारखान्यात तो टर्नर होता. आता त्याचे लेथ मशीनचे दुकान आहे आणि ट्रॅक्टरच्या क्लच प्लेटांना तो नवे लायनिंग, म्हणजे झिजणारे अस्तर, मारून देतो. त्याला निरोप पाठवताच तो दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर झाला. आम्ही शेडच्या तुळईला चेन ब्लॉक बांधला, गाडी लाकडी ओंडक्यांवर चढवली, प्रत्येक बोल्टला रंगाने क्रमांक घातला आणि तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स खाली घेतला. क्लच, फ्लायव्हील आणि पंप गोणपाटात गुंडाळून दुधाच्या टेम्पोतून राहुरीला गेले. मेहुण्यांच्या गोष्टीतला तो ट्रॅक्टर म्हणजे हा टेम्पो. त्यात गाडी नव्हती, गाडीचे काळीज होते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन होते.

दुकानात मित्राने ती प्लेट हातात घेतली, उजेडाकडे धरली, कॅलिपर लावला आणि माप दोनदा तपासले.

"फोरमन," तो म्हणाला, "ही तर आपल्या बारक्या ट्रॅक्टरच्या प्लेटीची मावसबहीन हाय. नुसती इलायतेत वाढली म्हनून नाक वर."

त्याने जुने लायनिंग उडवले आणि नवे, उत्तम प्रतीचे, मापाने घासून, रिव्हेट मारून बसवले. फ्लायव्हीलवर चरे पडले होते. ते लेथवर केसाएवढे उतरवले. बेअरिंगचा खडखडाट होता. मी ते रॉकेलने धुऊन भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्याच्या कडेवर एक क्रमांक निघाला, आणि तो क्रमांक नगरच्या बेअरिंगच्या दुकानात फळीवर पडून होता. गाडीच्या कंपनीच्या खोक्यात घातले की ज्याचे दहापट पैसे होतात, तेच ते. पंपाचे सील खोदकाम यंत्रांचे सामान विकणाऱ्याकडे मिळाले. मित्राने मजुरी घेतली नाही. त्याच्या विहिरीवरची जळालेली मोटार मी नव्या तारा भरून द्यायची, एवढे ठरले. साडेचार लाखांचे ते दुखणे एका मध्यम प्रतीच्या म्हशीच्या निम्म्या किमतीत आटोपले. मेहुण्यांना म्हशींचा हिशेब समजतो, म्हणून तसे सांगतो.

इटलीहून मुलाने सामान पाठवल्याची गोष्ट इथून निघाली असावी. मुलगा दसऱ्याला घरी आला तो लॅपटॉप आणि एक वायर घेऊन. नवा क्लच कुठे पकडतो, हे गाडीच्या संगणकाला शिकवावे लागते. तो गाडी घेतल्यापासून माझ्याशी तिच्यावरून भांडत होता. पण शेडमध्ये पाऊल टाकून त्याने ओळीने मांडलेले ते क्रमांकांचे बोल्ट पाहिले आणि बाह्या सरसावल्या. त्याने आणली ती वायर, इटलीहून एक खिळाही आला नाही.

दसऱ्याला सकाळी गाडी जमिनीवर उतरली. पत्नीने पूजा केली, चार चाकांखाली चार लिंबे ठेवली, झेंडूची माळ घातली. मी किल्ली फिरवली. इंजिन त्याच गळ्याने गायले. गाडी लिंबे चिरडून अंगणाच्या मधोमध आली, आणि मग घसरली. इंजिन गर्जत होते, चाके आळसावली होती आणि जळका वास येत होता. मी मित्राकडे पाहिले, मित्राने माझ्याकडे.

चूक आमचीच होती आणि ती आमच्यासारख्यांचीच होती. कारखान्यातला माणूस हलणाऱ्या कुठल्याही वस्तूला ग्रीस लावल्याशिवाय झाकण लावत नाही. छत्तीस वर्षांची ती हाताची सवय. गिअरबॉक्सच्या दांड्याला बोटाच्या टोकाएवढे ग्रीस पुरते. मी तिथे उसाच्या मिलीला शोभेल एवढे भरले होते, आणि माझ्या मागून मित्रानेही, मला कळू न देता, आणखी भरले होते. फिरताच ते उडून लायनिंगवर गेले. आम्ही दोघे जमिनीवर बसून हसलो. हसण्यावाचून इलाज नव्हता. पुन्हा सगळे उघडायचे होते आणि गिऱ्हाईक सकाळी येणार होते.

दिवस मावळेपर्यंत गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे उजाडताच शेडमध्ये होतो, आणि दहाच्या सुमारास मेहुणे शेठना शेठच्याच गाडीतून घेऊन आले. प्लेट तेव्हा पेट्रोलच्या घमेल्यात होती. मी हात पुसत बाहेर निघालो. पत्नीने दारातूनच मला हाताने परत फिरवले.

पुढचे मला मुलाने सांगितले, कारण तो पाणी प्यायला आत-बाहेर करीत होता. तिने पाहुण्यांना आधी चहा दिला. मग पोहे. शेठ म्हणाले, "मावशी, गाडी बघतो आन् निघतो." ती म्हणाली, सणाच्या दुसऱ्या दिवशी दारातून कोणी जेवल्याशिवाय जात नसते, आणि त्यानंतर तिने हरभऱ्याची डाळ शिजत घातली. ज्याला पुरणपोळीची कृती माहीत आहे, त्याला याचा अर्थ कळेल. डाळ शिजली, कट काढला, गूळ घातला, पुरण आटले, आणि मग तिने पुरणयंत्र आपल्या भावापुढे ठेवले.

"अक्का, मी पाव्हना हाय," ते म्हणाले.

"पाव्हना असशील मिरजगावात. हितं भाऊ हायेस. फिरव."

मेहुण्यांनी यंत्र फिरवले. तिने प्रत्येक पोळी सावकाश लाटली, सावकाश भाजली, आणि दर वेळी शेठच्या ताटात एक पडली की दुसरी तव्यावर घातली. शेठनी हात आडवा धरला की तुपाची धार हातावरून ताटात जाई. यजमानीण वाढत असताना उठणे आमच्याकडे शिष्टाचारात बसत नाही. शेठ शिष्टाचार पाळणारे होते.

तिने पाहुण्यांना डांबून ठेवले, असे मेहुणे आज सांगतात. तिला विचारले तर ती म्हणते, पाहुणचार केला. या एका मुद्द्यावर मी कोणाचीच बाजू घेत नाही.

आम्ही शेडमध्ये धुतलेली प्लेट परत चढवत होतो. बोल्टांवर क्रमांक असल्याने हात आपोआप चालत होते. दांड्याला ग्रीस लावायची वेळ आली, तेव्हा मित्राने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले आणि मुलाला पुढे केले. पावणेतीनला मुलाने लॅपटॉप मिटला. मी गाडी सुरू केली, शेडमधून बाहेर काढली, गोठ्याला वळसा घातला आणि मागच्या बोळातून चढ चढून, कुठेही न घसरता, स्वयंपाकघराच्या दारासमोर आणून उभी केली. आत शेठच्या तोंडात घास होता. मेहुणे यंत्राचा दांडा हातात धरून तसेच उभे राहिले.

पत्नीने गॅस बंद केला, हात धुतले आणि दारात आली. मला विचारले, ठेवीला हात लागला का. मी नाही म्हणालो. मग ती शेठकडे वळली.

"गाडी चालू हाय. ठेव मोडली न्हाई. मग विकायचं काय, सांगा बरं?"

शेठ भले गृहस्थ होते. त्यांनी घास गिळला, बाहेर येऊन गाडीकडे पाहिले आणि म्हणाले की मावशी, एवढ्या पोळ्या खाऊन मला भाव करता येणार नाही. जाताना तिने त्यांना आपट्याची पाने आणि आणखी चार पोळ्या बांधून दिल्या. जडावल्या अंगाने नगरपर्यंत जायचे तर मागच्या सीटवर आडवे होऊन जाणार, असे ते म्हणाले. त्यांच्या ड्रायव्हरशेजारच्या सीटवर घरून आणलेल्या देवकार्याच्या सामानाची पेटी होती. अशा रीतीने मेहुण्यांना जायला वाहन उरले नाही.

त्यांना मिरजगावला सोडायला पत्नी आणि मी निघालो. मागच्या सीटवर कोण बसणार, हे अशा प्रकारे ठरले. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले होते आणि तशाही अवस्थेत ते या गाडीच्या पैशांत किती म्हशी आल्या असत्या ते सांगत होते. घोडेगावनंतर इमामपूरच्या घाटाचा चढ लागला. क्लचने तो असा पकडला की मला मित्राची आठवण येऊन एकट्यालाच हसू आले. उतरते ऊन डावीकडच्या टेकड्यांवर होते, आवाज खडकांवर आपटून परत येत होता. पुढे कांद्याचा एक ट्रक गोण्या हलवत चढत होता. मी त्याच्यामागे सबुरीने राहिलो. वय झाले आहे, आणि सोबत मुदत ठेवीची मालकीण होती.

तिने पदर कानामागे घट्ट खोचला, काच पूर्ण खाली घेतली आणि समोर पाहत म्हणाली, "ह्याच्या मागं किती वेळ ऱ्हायचं? रस्ता मोकळा हाय. काढा की पुढं."

मी काढली. मागून मेहुण्यांनी देवाचे नाव घेतले. ट्रक आरशात लहान झाला, घाट संपला आणि सपाटीवर तिने बोट करून लांबचा दुसरा ट्रक दाखवला.

"आता त्यो," ती म्हणाली.